मोटिफ दिसला म्हणून लगेच उडी नको

तुझ्या प्रथिनात पीकेएचा मोटिफ सापडला, छान. (पीकेए म्हणजे प्रथिनांना फॉस्फेट जोडणारं एक एन्झाइम, म्हणजेच कायनेज; मोटिफ म्हणजे त्याला ओळखू येणारा अमिनो आम्लांचा आखूड क्रम.) पण लगेच म्युटंट, म्हणजे ते अमिनो आम्ल बदललेलं प्रथिन, बनवायला बसू नकोस. पीकेएला हवं असतं ते असं: दोन आर्जिनिन, मग कोणतंही एक अमिनो आम्ल, मग सेरीन किंवा थ्रिओनिन, आणि त्यापुढे बहुधा पाण्याला टाळणारं एखादं. आर्जिनिनचा धनभार एन्झाइमच्या खाचेतल्या ग्लुटामेटांना जाऊन चिकटतो. १९९१ मध्ये पीकेएची स्फटिकरचना आली, तिच्यात पीकेआय हा निरोधक बसलेला होता. त्याच्यात सेरीनच्या जागी अ‍ॅलानिन. सगळा थाट सब्स्ट्रेटचा, म्हणजे ज्याला फॉस्फेट जोडला जातो त्या प्रथिनाचा, फक्त फॉस्फेट घ्यायला हायड्रॉक्सिलच नाही!

पण इतका आखूड क्रम योगायोगानेही भरपूर ठिकाणी सापडतो. पहिल्या वर्षी असल्याच एका सेरीनमागे माझे चार महिने गेले. ते प्रथिनाच्या घडीत पार आत गाडलेलं निघालं. तेव्हा आधी रचना उघडून बघ, ती जागा पृष्ठभागावर आहे का, लवचीक आहे का.

ईआरके या दुसऱ्या कायनेजचं प्रकरण आणखी वेगळं. त्याला सेरीन किंवा थ्रिओनिननंतर प्रोलिन असलं की भागतं, आणि तेवढं तर कुठेही मिळतं. म्हणून त्याची खरी पकड सक्रिय जागेपासून लांब, डॉकिंगच्या खाचेत. तिथे सब्स्ट्रेटचा धनभारित तुकडा अडकतो. पीकेएची चाचणी केम्प्टाइडसारख्या सात अमिनो आम्लांच्या पेप्टाइडवर झकास चालते. ईआरकेला तसं आखूड पेप्टाइड दिलंस तर डॉकिंगचा तुकडाच गायब, मग आकडे कमी आले म्हणून रडू नकोस. पूर्ण प्रथिन घे, आणि सेरीनसोबत डॉकिंगच्या तुकड्याचाही एक म्युटंट कर.