डर्बीसाठी इंजिन किती मोठं हवं? 454 राहू द्या, 4.6 वरच उतरा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ओहायोतल्या काउंटी फेअरच्या (जिल्ह्याच्या जत्रेच्या) डिमॉलिशन डर्बीत, म्हणजे जुन्या गाड्या एकमेकांवर आदळून शेवटी चालू राहणारी जिंकते त्या खेळात, तुम्ही बापलेक पहिल्यांदाच उतरताय. लिलावातून घेतलेली पोलिसांची 1999 ची फोर्ड क्राउन व्हिक्टोरिया दारात उभी आहे. शेजारी त्याच्या कोठारात पडलेलं शेव्हीचं (शेव्हरोलेचं) 454 घन इंचांचं बिग ब्लॉक, म्हणजे मोठ्या ठोकळ्याचं इंजिन, स्वस्तात द्यायला तयार आहे. ते घ्यावं, की शेव्हीचंच 350 घन इंचांचं स्मॉल ब्लॉक शोधावं, की गाडीतलं 4.6 लिटरच ठेवावं?

यंदा 4.6 च ठेवा. मी इंडियानात राहतो, आमच्या भागातल्या एका शेतकरी कुटुंबाच्या डर्बीच्या गाड्या बांधायला वर्षानुवर्षं हात लावत आलोय. हाताशी मोठं इंजिन आलं की मोह होतो हे चांगलं ठाऊक आहे, म्हणून कारणं सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी नियमपुस्तक काढा. बऱ्याच फेअरमध्ये स्टॉक वर्गात, म्हणजे फारसे बदल न केलेल्या गाड्यांच्या वर्गात, दुसऱ्या कंपनीचं इंजिन चालतच नाही. फोर्डमध्ये शेव्ही बसवलंत की तुमची रवानगी मॉडिफाइड वर्गात होते, आणि तिथे समोर असतात वर्षभर वेल्डिंग करणारे, चौकटीला पोलाद लावलेले, गिअरबॉक्ससुद्धा खास बांधून घेतलेले लोक. पहिल्याच वर्षी पोराला त्यांच्यात सोडू नका.

आता ताकदीचं. 454 म्हणजे 7.4 लिटर, कागदावर जबरदस्त. पण रिंगण डोळ्यासमोर आणा. टँकरने पाणी मारून माती मुद्दाम चिखल केलेली असते, गाड्यांचा वेग चढू नये म्हणून. भोवती काँक्रीटचे ठोकळे किंवा लाकडाचे ओंडके. धाव घ्यायला मिळते ती जेमतेम चार-पाच गाड्यांच्या लांबीची जागा, आणि पहिल्या काही मिनिटांनंतर मेलेल्या गाड्या मध्ये आल्या की तीही नाही. तिथे जास्तीचा टॉर्क चाकाखाली खड्डा खणण्यात जातो, आणि चाकाला अचानक पकड मिळाली की युनिव्हर्सल जॉइंट (शाफ्टचा सांधा) नाहीतर ॲक्सल घेऊन जातो. शिवाय समोरचा रेडिएटर वाचवायचा म्हणून बहुतेक धडका रिव्हर्समध्ये, डिकीनेच मारायच्या असतात.

जोर वाढवायचाच असेल तर मागचा ॲक्सल बघा. साध्या क्राउन व्हिक्टोरियाला बहुधा 2.73 चं गिअर गुणोत्तर असायचं (चाकाच्या एका फेऱ्यासाठी शाफ्टचे 2.73 फेरे), पोलिसांच्या गाडीला 3.27 चं. भागाकार केलात तर चाकावर जवळजवळ 20 टक्के जास्त टॉर्क, इंजिनाला हातही न लावता. तुमची गाडी खरंच पोलिसांची असेल तर हा फायदा तुम्हाला आधीच मिळालाय. नियमात बसत असेल तर डिफरन्शियलचे आतले गिअर वेल्ड करून घ्या, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र ओढतील. चिखलात या एका कामाने जो फरक पडतो तो दोन-तीन लिटर वाढवूनही पडत नाही.

आणि आता मुख्य मुद्दा, उष्णता. डर्बीत बाकी सगळं धड असूनही गाड्या बंद पडतात त्या बहुतेक वेळा तापून. रेडिएटर फुटतोच. तो फुटल्यावर इंजिन किती वेळ चालेल, हा खरा प्रश्न. कुस्तीत जोर असलेला पहिलवान पहिल्या दोन मिनिटांत दिसतो आणि दम असलेला शेवटी उभा राहतो, तसंच इथे आहे.

थोडं गणित करू. इंधनातल्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग पाण्यात जातो. डर्बीतल्या मार-थांब-मार अशा चालण्यात ही उष्णता सरासरी 40 किलोवॉट धरू. हा माझा अंदाज आहे, पण तुलनेला पुरेसा आहे. ओतीव लोखंडाचं स्मॉल ब्लॉक साधारण 260 किलोचं. तेवढं लोखंड 100 अंशांनी तापायला सुमारे 12 मेगाज्यूल लागतात, म्हणजे 5 मिनिटं. आता पाणी बघा. 10 लिटर पाणी उकळून त्याची वाफ व्हायला 22 मेगाज्यूलच्या वर लागतात, म्हणजे 9 मिनिटांहून जास्त. बिग ब्लॉकमध्ये लोखंड जास्त असतं खरं, पण 50 किलो जास्त धरलं तरी मिळतं एक मिनिट, आणि ते जास्त इंधन पिऊन तेवढं मिनिट आधीच खाऊन टाकतं. प्रत्यक्षात लोखंड सगळीकडे सारखं तापत नाही, सिलिंडरांवरची झाकणं, म्हणजे हेड, आधी तापतात, त्यामुळे खरे आकडे याहून कमीच. पण निष्कर्ष बदलत नाही: पाणी आत किती वेळ टिकतं यावर सगळं आहे. तेव्हा शेजाऱ्याला द्यायचे पैसे चांगल्या रेडिएटरवर, नव्या होजवर आणि घट्ट क्लिपांवर घाला. हीटरकडे जाणारे दोन पाइप इंजिनपाशीच एकमेकांना जोडून टाका, फुटायची एक जागा कमी होते. कूलंट चालत नाही, नुसतं पाणीच भरायचं.

इथे 350 ची बाजूही मांडायला हवी, कारण ती मजबूत आहे. शेव्हीचं 350, म्हणजे 5.7 लिटर, डर्बीत इतकं दिसतं ते उगाच नाही. ब्लॉक आणि जुने हेड, दोन्ही ओतीव लोखंडाचे. सुटे भाग कुठल्याही भंगारवाल्याकडे मिळतात. डर्बीसाठी इंजिन बांधणारे पिस्टनच्या रिंगांच्या टोकांत मुद्दाम जास्त फट ठेवतात, म्हणजे लाल होईपर्यंत तापलं तरी टोकं एकमेकांना भिडून सीझ होत नाही. तुमच्या 4.6 चे हेड ॲल्युमिनियमचे आहेत. जास्त तापले की वाकतात आणि गॅस्केट उडतं. म्हणजे नुसती इंजिनं शेजारी ठेवली तर मी 350 च उचलेन. पण ते फोर्डमध्ये बसवायचं म्हणजे माउंट, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, कार्बोरेटर, वायरिंग, सगळंच बदलणं आलं. ऑगस्टच्या फेअरआधी, नोकरी सांभाळून, पहिल्यांदाच? नको. पुढच्या वर्षी 350 हवं असेल तर ते मुळातच असलेली शेव्हीची जुनी कॅप्रिस गाडी शोधा.

4.6 ठेवताना या गोष्टी विसरू नका. या गाडीच्या डिकीत डाव्या बाजूला, कार्पेटच्या आड, एक छोटा इनर्शिया स्विच असतो. जोराचा धक्का बसला की तो पेट्रोल पंपाचा करंट तोडतो, आग लागू नये म्हणून. रस्त्यावर उत्तम सोय, पण आपण धडका डिकीनेच मारणार. पहिल्या चांगल्या ठोक्याला वरचं बटण टपकन उडतं आणि गाडी गप्प. स्टार्टर मारला तरी इंजिन नुसतं फिरत राहतं, पेटत नाही, आणि ठरलेल्या वेळात धडक मारली नाही की पंच बाद करतात. नियम परवानगी देत असतील तर तो बायपास करा, आणि त्याऐवजी चालकाच्या हाताशी पंप बंद करायचा ठळक स्विच द्या. तो नसेल तर तपासणीत गाडी पास होणार नाही, आणि होऊही नये.

मूळची टाकी काढायचीच. ती मागच्या ॲक्सल आणि डिकीच्या मध्ये आहे, म्हणजे नेमकी धडकेच्या जागी. मागची सीट काढून तिथे छोटी लोखंडी टाकी चहूबाजूंनी बांधून बसवा. आणि इथे फ्युएल इंजेक्शनचा एक तोटा आहे तो समजून घ्या: कार्बोरेटरला चौरस इंचाला 5 ते 7 पौंडांचा दाब पुरतो, तुमच्या इंजिनाला 30 ते 40 पौंड लागतो. एवढ्या दाबाची नळी पोराच्या पाठीमागून जाणार आहे. साधी रबरी नळी अजिबात नको. इंजेक्शनच्या दाबाची नळी आणि त्याच प्रकारचे क्लॅम्प घ्या, आणि गाडी चालू करून प्रत्येक सांध्यावर हात फिरवून ओल बघा. मी ही तपासणी दुसऱ्या माणसाकडूनही करून घेतो.

या सालच्या 4.6 चा प्लॅस्टिकचा इनटेक मॅनिफोल्ड पुढच्या बाजूला, पाण्याच्या वाटेवर तडकतो हे जगजाहीर आहे. पुढे सुधारून आलेल्या मॅनिफोल्डमध्ये ती जागा ॲल्युमिनियमची आहे. बदलला नसेल तर बदला.

छोट्या गाड्यांच्या वर्गाचं तुम्ही जाता जाता विचारलंय. तिथे चार सिलिंडरमध्ये 1.8 की 2.4 याने काही बिघडत नाही, पुढच्या चाकांचे शाफ्ट टिकतात का ते बघा. फेअरमध्ये मोठ्या फ्रंट-व्हील गाड्यांचा वर्ग असेल तर जुन्या ब्युइक लसेबरचं 3.8 लिटरचं व्ही-6 मात्र डोळे झाकून घ्यावं असं आहे, ब्लॉक आणि हेड दोन्ही लोखंडाचे.

चालकाच्या दारावर कंपनीचं स्टिकर असेल, त्यावरचा ॲक्सल कोड इथे लिहा, आणि फेअरच्या नियमांतला इंजिन बदलाचा परिच्छेदही चिकटवा. दोन्ही बघून ॲक्सल आहे तोच ठेवायचा का ते सांगतो.