एसयूव्हीचे ॲव्हरेज : काय बसवावे आणि काय उतरवावे

या वेळच्या बहुतेक पत्रांचा सूर ‘गाडीला काय बसवले म्हणजे इंधन कमी लागेल’ असा आहे. माझी बरीचशी उत्तरे मात्र बसवलेले काय उतरवावे, या दिशेने गेली आहेत. ठाणे आणि नवी मुंबई परिसरातून आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : माझी टर्बो पेट्रोल, ऑटोमॅटिक एसयूव्ही आहे. राहतो कासारवडवलीला, कार्यालय महापे येथे आहे. जाहिरातीत लिटरमागे 17 किलोमीटर सांगितले होते, मला जेमतेम 9 मिळतात. सुमारे 22 किलोमीटरच्या अंतराला संध्याकाळी दीड तास लागतो. सर्व्हिस सेंटरवाले गाडी ठणठणीत असल्याचे सांगतात. मग पेट्रोल जाते कुठे?

उत्तर : सर्व्हिस सेंटरवाले बहुधा खरेच सांगत आहेत. जाहिरातीतला आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी चालवून, एसी बंद ठेवून आणि ठरावीक वेगक्रम पाळून काढलेला असतो. त्या क्रमाच्या शहरी भागात वेग ताशी 50 किलोमीटरच्या वर जात नाही आणि पुढच्या भागात 90 ही कमाल मर्यादा असते. मधले थांबे त्यातही आहेत, पण कापूरबावडीचा सिग्नल नाही आणि विटाव्याच्या रेल्वे पुलाखालची रांगही नाही. दोन गाड्यांची आपसांत तुलना करण्यासाठी तो आकडा उपयोगी आहे. महिन्याच्या खर्चाचा अंदाज त्यावर बांधू नये.

आता आपल्याच आकड्यांचा हिशेब मांडू. 22 किलोमीटरला 9 च्या ॲव्हरेजने सुमारे 2.4 लिटर पेट्रोल लागते. दीड तासापैकी निम्मा वेळ गाडी उभी असते असे धरले आणि एसी चालू असलेले या आकाराचे इंजिन उभ्या उभ्या तासाला साधारण एक लिटर जाळते असे मानले, तर पाऊण लिटर, म्हणजे एकूण खर्चाचा जवळजवळ तिसरा हिस्सा, एक मीटरही पुढे न सरकता संपतो. इंजिनाचा हा बेकार खर्च आणि एसीचा खर्च किलोमीटरवर नव्हे तर घड्याळावर चालतो, त्यामुळे हाच प्रवास 50 मिनिटांत झाला तर चालवण्याची पद्धत न बदलताही ॲव्हरेज वाढलेले दिसेल. ज्यांना कामाची वेळ अर्ध्या तासाने मागेपुढे करता येते, त्यांना याहून स्वस्त उपाय मिळणार नाही.

दुसरा मोठा खर्च ब्रेकवर होतो. चालकासह 1,700 किलो वजनाची गाडी ताशी 50 किलोमीटर वेगाने जात असते, तेव्हा तिच्यात साधारण 164 किलोज्यूल ऊर्जा साठलेली असते. ब्रेक दाबून ती पूर्ण थांबवली की ही सारी ऊर्जा डिस्क तापवण्यात जाते आणि पुन्हा तो वेग गाठायला नव्याने इंधन जाळावे लागते. इंजिनाची कार्यक्षमता 25 टक्के धरली, तर अशा एका थांब्याची किंमत सुमारे 20 मिलिलिटर पेट्रोल, म्हणजे आजच्या भावाने दोन रुपयांच्या आसपास होते. गाडी ताशी 20 वर असताना थांबवली, तर हाच खर्च तीन-साडेतीन मिलिलिटरवर येतो, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. दोनशे मीटरवरचा सिग्नल लाल दिसत असतानाही पुढच्या रिक्षाला मागे टाकून तिथे आधी जाऊन थांबण्याची जी आपल्याकडे रीत आहे, तिची किंमत प्रत्येक वेळी ही एवढी असते. पाय लवकर उचलावा, गाडी गिअरमध्येच सरपटू द्यावी आणि शक्यतो पूर्ण थांबू देऊ नये.

गाडीत ऑटो स्टार्ट-स्टॉपची (गाडी थांबताच इंजिन आपोआप बंद करणारी) सोय असेल आणि बसल्या बसल्या बटण दाबून ती बंद करण्याची सवय असेल, तर ती सोडावी. इंजिन पुन्हा सुरू करायला साधारण दहा सेकंद उभे राहण्याइतकेच इंधन लागते, आणि अशा गाड्यांचे स्टार्टर व बॅटरी त्याच कामासाठी बनवलेले असतात. मात्र एप्रिल-मेच्या उकाड्यात एसीची गरज भागवण्यासाठी इंजिन लगेच पुन्हा सुरू होते, त्यामुळे तेव्हा फार अपेक्षा ठेवू नये. एवढे करून आपल्याला 17 मिळणार नाहीत. या मार्गावर साडेदहा ते अकरा मिळाले तर मी गाडीला आणि चालकाला दोघांनाही चांगले गुण देईन.

प्रश्न : माझ्या गाडीचे मूळ टायर 215/60 आर 16 होते. गाडी भारदस्त दिसावी म्हणून 235/65 आर 16 टाकले. खारघर ते वाशी रोजचे येणे-जाणे आहे. ॲव्हरेज साडेबारावरून 11 वर आले. हवा जास्त भरून हे भरून निघेल का?

उत्तर : आधी तुमच्या 11 या आकड्याची दुरुस्ती करू. 215/60 आर 16 (म्हणजे रुंदी 215 मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या 60 टक्के आणि रिम 16 इंची) या टायरचा व्यास सुमारे 664 मिलिमीटर भरतो, 235/65 आर 16 चा सुमारे 712. म्हणजे नवे चाक एका फेऱ्यात सात टक्के जास्त अंतर कापते, पण गाडी किलोमीटर मोजते ते चाकाच्या फेऱ्यांवरून. ओडोमीटरवर 100 किलोमीटर झाले तेव्हा आपण खरे तर 107 गेलेला असता. टाकी ते टाकी हिशेब केला काय किंवा पडद्यावरचा आकडा वाचला काय, दोन्हीकडे अंतर कमीच धरले जाते. तेव्हा आपले खरे ॲव्हरेज 11 नसून पावणेबाराच्या थोडे वर आहे, आणि खरी घट बारा टक्क्यांची नसून पाच-सहा टक्क्यांची आहे. यात समाधान मानण्यासारखे फारसे नाही, कारण हीच चूक स्पीडोमीटरलाही लागू पडते. काटा 80 दाखवतो तेव्हा गाडी आधीपेक्षा सात टक्के जास्त वेगात असते, आणि कॅमेरा काट्यावरचा आकडा वाचत नाही.

उरलेली घट रुंद टायरचा रस्त्याशी आणि हवेशी वाढलेला विरोध, चाकाचे वाढलेले वजन आणि बदललेले गिअरिंग यांमुळे आहे. मोठ्या चाकाने प्रत्येक गिअर लांबल्यासारखा होतो, उड्डाणपुलाच्या चढावर पूर्वी चौथ्यात चढणारी गाडी आता तिसरा मागते, आणि पाय आपोआप खोल जातो.

हवेविषयी बोलायचे, तर चालकाच्या दारालगतच्या पट्टीवर कंपनीने दिलेला आकडा मूळ टायरसाठी असतो. टायर थंड असताना, आठवड्यातून एकदा, तो तपासावा हा नियम मूळ टायर असलेल्या प्रत्येकाने पाळावा. पण हवेने ॲव्हरेज किती वाढते, याविषयीच्या कल्पना जरा फुगलेल्या आहेत. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या अंदाजानुसार चारही टायरमध्ये सरासरी एक पीएसआय हवा कमी असेल, तर सुमारे 0.2 टक्के घट येते. म्हणजे 35 च्या जागी 28 असेल तर दीड टक्का. कमी हवेचा खरा तोटा टायरची कड झिजण्यात आणि पावसात पकड सुटण्यात आहे. उलट जास्त हवा भरली तर टायर मधोमध झिजतो आणि ब्रेक लागायला अंतर वाढते. माझा सल्ला स्पष्ट आहे : टायर विकून मूळ आकारावर यावे, किंवा त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनीने जो आकार दिला असेल तिथवरच जावे.

प्रश्न : नेरुळहून दक्षिण मुंबईला जाताना अटल सेतू वापरतो. 100 च्या मर्यादेत राहतो, तरी 80 ने गेलो तर फरक पडेल का? टपावर सामानाची पेटी कायमची बसवलेली आहे आणि पुढे लोखंडी गार्ड आहे.

उत्तर : फरक पडतो, आणि एसयूव्हीत तो सेडानपेक्षा जास्त पडतो, कारण समोरून हवेला अडवणारे क्षेत्रफळ मोठे असते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. 80 वरून 100 वर गेल्यास तो 56 टक्के वाढतो. इंधन तितके वाढत नाही, कारण टायरचे घर्षण आणि एसीचा भार तेवढाच राहतो, पण वाढ जाणवण्याइतकी असते. सेतू 21.8 किलोमीटरचा आहे. संपूर्ण सेतू 100 ने पार करायला 13 मिनिटे लागतात आणि 80 ने 16 मिनिटे 20 सेकंद. वाचलेली सव्वातीन मिनिटे शिवडीला उतरल्यावर पहिल्याच रांगेत जातात. समुद्रावर समोरून ताशी 20 किलोमीटरचा वारा असेल, तर 100 ने जाणाऱ्या गाडीला हवा 120 इतकी लागते, हेही लक्षात घ्यावे. 80 ने जायचे तर डावीकडच्या मार्गिकेतून जावे. मधल्या मार्गिकेत रेंगाळून मागच्यांना ब्रेक मारायला लावू नये. खिडक्या बंद ठेवाव्यात, कारण या वेगाला उघड्या खिडक्यांपेक्षा एसी परवडतो.

पेटी मात्र आजच उतरवावी. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या आकड्यांनुसार टपावरच्या मोठ्या, बोथट पेटीमुळे शहरात 2 ते 8 टक्के घट येते, आणि ताशी 105 ते 120 किलोमीटरच्या वेगाला ती 10 ते 25 टक्क्यांवर जाते. मे महिन्यात गावी जाताना लागणारी पेटी वर्षभर वाऱ्याशी झुंजवत ठेवण्यात काहीच अर्थ नाही. गार्डाचा प्रश्न ॲव्हरेजपुरता नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना अशा गार्डांवर कारवाई करण्यास कळवले आहे. पादचाऱ्याला त्याचा मार जीवघेणा बसतो आणि आपल्याच एअरबॅगच्या सेन्सरचे गणित बिघडू शकते.

प्रश्न : कळव्यात राहतो. बीएस 6 डिझेल एसयूव्ही मुलांची शाळा, बाजार, स्टेशन एवढीच फिरते. डीपीएफचा दिवा वारंवार लागतो आणि ॲव्हरेज घसरले आहे. गॅरेजवाला डीपीएफ काढून रिमॅप (इंजिनाच्या संगणकाची मांडणी बदलणे) करून देतो म्हणतो, 20 टक्के फरक पडेल असे सांगतो.

उत्तर : कृपया तसे करू नका. डीपीएफ ही एक्झॉस्टमधली काजळी अडवणारी जाळी आहे. ती भरत आली की गाडी जास्तीचे डिझेल फवारून तापमान वाढवते आणि काजळी जाळून टाकते. त्यासाठी काही काळ सलग, बऱ्यापैकी वेगाने गाडी चालावी लागते. आपली गाडी दर वेळी हे काम सुरू करते आणि दोन किलोमीटरवर आपण चावी फिरवता, त्यामुळे जादा डिझेल वाया जाते आणि जाळी भरलेलीच राहते. एक गोष्ट घरी पाहता येईल : सपाट जागी, इंजिन थंड असताना ऑइलची पट्टी बाहेर काढून पुसावी, पुन्हा बुडवून पाहावी. पातळी वरच्या खुणेच्याही वर गेली असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर अर्धवट राहिलेल्या या प्रक्रियेतले डिझेल ऑइलमध्ये उतरले आहे. अशा वेळी सर्व्हिसच्या तारखेची वाट न पाहता ऑइल बदलावे.

दिवा नुसता लागलेला असेल, लुकलुकत नसेल, तर एखाद्या रविवारी पहाटे, माजिवड्याची कोंडी सुरू होण्याआधी, नाशिक महामार्गाने पडघ्यापर्यंत जाऊन यावे आणि जिथे रस्ता मोकळा मिळेल तिथे 60-70 चा वेग वीस मिनिटे टिकवावा. लुकलुकत असेल तर मॅन्युअल पाहावे आणि सर्व्हिस सेंटर गाठावे. डीपीएफ काढणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 विरुद्धचा बदल आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलास 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. वॉरंटी जाते ती वेगळीच. शिवाय तो धूर जातो तो शाळेच्या फाटकापाशीच. आपला वापर पुढेही असाच राहणार असेल, तर पुढची गाडी डिझेलची घेऊ नये, एवढेच मी सांगेन.

प्रश्न : बोरघाट उतरताना वडील न्यूट्रल टाकायला सांगतात, त्याने पेट्रोल वाचते म्हणतात. खरे आहे का?

उत्तर : वडिलांनी ज्या गाड्या चालवल्या त्या कार्बोरेटरच्या होत्या, आणि त्यांत ते काही प्रमाणात खरे होते. आजच्या इंजेक्शन इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की इंधन पूर्ण बंद होते, कारण इंजिनाला चाकेच फिरवत असतात. न्यूट्रल टाकले की इंजिन चालू ठेवण्यासाठी पुन्हा पेट्रोल लागते. म्हणजे न्यूट्रलमध्ये खर्च जास्त, आणि सारा भार ब्रेकवर पडून ते घाटात तापून निकामी होण्याचा धोका वेगळा. ज्या गिअरमध्ये घाट चढाल, साधारण त्याच गिअरमध्ये उतरावे.

प्रश्न : पेट्रोलच्या नळीवर लावायचे चुंबक, टाकीत टाकायची गोळी, धुता येणारा एअर फिल्टर, यांपैकी काय घ्यावे?

उत्तर : काहीही नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभराहून अधिक साधने तपासली आणि एकातही लक्षणीय वाढ आढळली नाही. एअर फिल्टर चोंदला तर आधुनिक पेट्रोल गाडीचा जोर कमी होतो, ॲव्हरेज जवळपास तेच राहते, कारण संगणक इंधनही त्याच प्रमाणात कमी करतो. कंपनीचा कागदी फिल्टर वेळेवर बदलावा. कंपनीने सांगितले नसेल तर महागडे 95 किंवा 100 ऑक्टेनचे पेट्रोलही घेऊ नये.

प्रश्न : 2018 ची पेट्रोल एसयूव्ही आहे. 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल आल्यापासून ॲव्हरेज कमी झाले असे वाटते. हा भास आहे का?

उत्तर : भास नाही. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते, म्हणून 20 टक्के मिश्रणात लिटरमागे ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी होते. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातही शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या आणि 10 टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींत 6 ते 7 टक्के घट अपेक्षित धरली होती, तर 20 टक्क्यांसाठी जुळवलेल्या गाड्यांत ती 1 ते 2 टक्के होती. 13 देणारी गाडी 12 च्या थोडे वर आली, तर कारण एवढेच असू शकते. 13 वरून 10 वर आली असेल, तर इथेनॉलला दोष देऊन थांबू नये. गाडीत दुसरे काहीतरी आहे.

प्रश्न : पावसाळाभर गाडी सीवूड्समध्ये उघड्यावर उभी होती. आता गाडी जड चालते, ॲव्हरेजही पडले आहे.

उत्तर : खाडीकाठच्या दमट, खारट हवेत हे नेहमी आढळते : कॅलिपरच्या (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना गंजतात आणि ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला घासत राहतो. पाम बीच रस्त्याने वाशीपर्यंत, शक्य तितका कमी ब्रेक वापरत, गाडी चालवावी आणि थांबल्यावर प्रत्येक रिमजवळ तळवा न्यावा. हात लावू नये, भाजेल. पुढची चाके मागच्यांपेक्षा गरम असणारच, म्हणून तुलना डाव्या-उजव्या जोडीतच करावी. एका बाजूची झळ स्पष्टपणे जास्त लागत असेल, तर ते चाक मेकॅनिकला जॅकवर घेऊन हाताने फिरवून पाहायला सांगावे. अडत असेल तर पिना काढून साफ कराव्यात, ब्रेकसाठीचेच उष्णतारोधक ग्रीस लावावे, आणि रबरी बूट फाटले असतील तर तेही त्याच वेळी बदलून घ्यावेत, नाहीतर पुढच्या श्रावणात पिना पुन्हा अडकतील.