इमेज ‘घेतली’ की ‘टाकली’?

प्रश्न एका तंत्रनिकेतनातल्या शिक्षकांचा आहे. त्यांच्या प्रयोगशाळेत ४० संगणक आहेत. एकच संगणक नीट तयार करून त्याची ‘इमेज’ नेटवर्कवरून बाकीच्यांवर उतरवायची आहे, आणि त्यासाठी लागणारा सर्व्हर व सॉफ्टवेअर घेण्याचा प्रस्ताव मराठीत लिहायचा आहे. ते विचारतात: “‘नेटवर्क इमेजिंग सर्व्हर’ला ‘संजाल प्रतिमांकन सेवक’ म्हटलं तर चालेल का?”

चालणार नाही. ‘सेवक’ वाचून आस्थापना शाखा विचारील की पद मंजूर आहे का, आणि ‘प्रतिमांकन’ वाचून कुणाला सोनोग्राफीचं यंत्र आठवेल. थट्टा सोडली तरी अडचण खरी आहे. आजच्या मराठीत ‘प्रतिमा’ दोनच ठिकाणी रोज भेटते. एक जयंतीला हार घालतात ती, दुसरी पुढाऱ्यांची मलिन होते ती. दोन्हींत पाहणं आहे, दिसणं आहे. डिस्कची इमेज मात्र कुणाला दिसत नाही. डिस्कचे विभाग कसे पाडलेत, संगणक सुरू होताना आधी काय वाचायचं, विंडोज, त्यावर टाकलेले प्रोग्रॅम, सेटिंग, हे सगळं जसंच्या तसं एका फाइलीत किंवा फाइलींच्या जुडग्यात बांधलेलं असतं. गंमत म्हणजे मूळ संस्कृत शब्दाला हा अर्थ परका नाही. प्रति अधिक मा, ‘मा’ म्हणजे मोजणं. मापाला माप लावून केलेली ती प्रतिमा. व्युत्पत्तीने न्याय दिला, वापराने काढून घेतला. प्रस्ताव वाचणारा माणूस व्युत्पत्ती काढत बसत नाही.

मग ‘साचा’? मला स्वतःला हा शब्द फार आवडतो. पेणच्या गणपती कारखान्यात मूळ मूर्ती एक, तिच्यावरून साचा, साच्यातून शेकडो मूर्ती. अगदी तेच काम. आणि उपमा पुढेही टिकते. साच्यातून निघालेल्या मूर्तीला डोळे नसतात; डोळ्यांची आखणी प्रत्येकीची वेगळी, हाताने, शेवटी होते. विंडोजची इमेज घेण्याआधी सिसप्रेप नावाचं विंडोजमधलंच साधन चालवतात ते ह्यासाठीच. संगणकाचं नाव, त्याची अंतर्गत ओळख-संख्या असं जे त्या एका यंत्राचं खासगी आहे ते पुसून टाकायचं, म्हणजे इमेज उतरल्यावर प्रत्येक संगणक पहिल्यांदा सुरू होताना आपापली ओळख नव्याने घेतो. डोळे आखलेल्या मूर्तीवरून साचा काढला तर सगळे गणपती एकाच दिशेला बघतील.

पण ‘साचा’ आधीच दुसरीकडे नांदतो आहे. मराठी विकिपीडियावर टेम्प्लेटला साचा म्हणतात, कार्यालयात पत्राचा साचा असतो. ‘साचा सर्व्हर’ म्हटलं की अर्जांचे कोरे नमुने ठेवलेत असं वाटणार. म्हणून माझं मत असं की ‘इमेज’ हाच शब्द ठेवावा, स्त्रीलिंगी, अनेकवचनी ‘इमेजेस’ न करता ‘इमेज’च, आणि पहिल्या उल्लेखात एका वाक्यात साच्याची उपमा देऊन मोकळं व्हावं.

नाम उसनं घेतलं तर बिघडत नाही. बिघडतं ते क्रियापदात, आणि ह्या विषयात मराठी क्रियापदं इंग्रजीपेक्षा जास्त कामाची आहेत. इंग्रजीत ‘इमेज’ हेच क्रियापद दोन्हीकडे चालतं. मूळ संगणकावरून सर्व्हरवर नेणंही इमेजिंग, सर्व्हरवरून बाकीच्यांवर उतरवणंही इमेजिंग. आपण त्याचं भाषांतर ‘इमेज करणे’ असं केलं की घोटाळा सुरू. एका प्रयोगशाळेत हा घोटाळा मी डोळ्यांनी पाहिला आहे. दोन दिवस खपून तयार केलेला मूळ संगणक कोपऱ्यात होता. मी जेवायला जाताना शिकाऊ मुलाला म्हणालो, “तेवढी त्या कोपऱ्यातल्या मशीनची इमेज कर.” परत आलो तर पडद्यावर निळी पट्टी ६० टक्क्यांवर, आणि बाणाची दिशा उलटी. मागच्या वर्षीची इमेज त्याने त्या मशीनवर उतरवायला घेतली होती. चूक त्याची नव्हती, ‘कर’ची होती. “मशीनची इमेज घे” म्हटलं असतं तर दोन दिवस वाचले असते.

तेव्हापासून माझा नियम: इमेज *घ्यायची* आणि इमेज *टाकायची*. प्रस्तावात जरा भारदस्त हवं तर ‘उतरवायची’. ‘करणे’ नाहीच. फॉग नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पूर्वी ह्या दोन कामांना अपलोड आणि डाउनलोड म्हणत. कुणाच्या बाजूने अप आणि कुणाच्या बाजूने डाउन, हे दर वेळी आठवावं लागे. पुढच्या आवृत्त्यांत त्यांनी कॅप्चर आणि डिप्लॉय केलं. आपल्याकडे घेणे-टाकणे आयतंच होतं.

तिसरं क्रियापद ‘मारणे’. फॉरमॅट मारतात, झेरॉक्स मारतात, शिक्का मारतात, तशी आमच्या पिढीतली लॅबची माणसं ‘घोस्ट मारत’. हा घोस्ट म्हणजे न्यूझीलंडमधल्या बायनरी रिसर्च कंपनीत जन्मलेलं सॉफ्टवेअर. १९९८ मध्ये सिमँटेकने ते घेतलं आणि नॉर्टन घोस्ट ह्या नावाने ते घराघरांत गेलं. ‘चाळीस मशीनला घोस्ट मारून आलो’ हे वाक्य ऐकून आमच्या आजीने मीठमोहऱ्या ओवाळायच्या बाकी ठेवल्या होत्या. फॉगचं नावही ह्या भुताचंच अपत्य आहे: ‘फ्री ओपन-सोर्स घोस्ट’ची आद्याक्षरं. ‘मारणे’त दिशा पक्की आहे, शिक्का मारला तर तो कागदावरच उमटतो, पण प्रस्तावात लिहू नका.

आता ‘सर्व्हर’. हा शब्द बदलायचं कारणच नाही. बँकेत, सेतू केंद्रात, सातबारा काढताना ‘सर्व्हर डाउन आहे’ हे ज्याने ऐकलं नाही असा मराठी माणूस विरळा. अडचण वेगळी आहे. सर्व्हर हे यंत्राचंही नाव आहे आणि त्यावर चालणाऱ्या प्रोग्रॅमचंही. नेटवर्कवरून संगणक सुरू करायचा, म्हणजे पीएक्सई बूट, तर त्याला आधी आयपी पत्ता देणारा डीएचसीपी सर्व्हर लागतो, सुरुवातीची छोटी फाइल हातात ठेवणारा टीएफटीपी सर्व्हर लागतो, आणि मग खरी इमेज पुरवणारा एनएफएस किंवा तत्सम सर्व्हर. तीन सर्व्हर, पण डबा एकच. प्रस्तावात ‘तीन सर्व्हर आवश्यक’ असं लिहिलंत तर लेखा विभाग तीन यंत्रांची दरपत्रकं मागवील किंवा तिन्हींवर काट मारील. म्हणून यंत्राला ‘सर्व्हर संगणक’ आणि प्रोग्रॅमला ‘सेवा’ म्हणा: डीएचसीपी सेवा, टीएफटीपी सेवा.

शब्दाचा अर्थ मात्र मनात मराठीच ठेवा. सर्व्हर म्हणजे वाढपी. हे एकदा डोक्यात बसलं की कोणतं यंत्र घ्यायचं हेही कळतं. वाढप्याला सुग्रण असावं लागत नाही. त्याचे पाय चपळ हवेत आणि स्वयंपाकघराचं दार रुंद हवं. फॉगमध्ये इमेज दाबून बारीक करणं आणि पुन्हा फुलवणं हे दोन्ही समोरच्या संगणकावर होतं, सर्व्हरवर नाही. त्यामुळे महागडा प्रोसेसर घेऊन काही साधत नाही. पैसे घाला एसएसडीवर, म्हणजे वेगवान डिस्कवर, नेटवर्क कार्डावर आणि सगळ्या संगणकांच्या तारा जिथे जोडतात त्या स्विचवर. रॅम १६ ऐवजी ३२ जीबी घेतली तर एकदा वाचलेली इमेज सर्व्हरवरची लिनक्स प्रणाली रॅममध्येच धरून ठेवते, पुन्हा डिस्ककडे जावं लागत नाही.

हिशेब करून पाहा. समजा दाबलेली इमेज २५ जीबी आहे. १ गिगाबिटच्या तारेतून प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबीच्या आसपास जातं. चाळीस जणांना ज्याचं-त्याला वेगळं वाढलं तर १००० जीबी जायला हवं, म्हणजे अडीच तास. मल्टिकास्टने एकदाच पाठवलं तर तारेवरचा वेळ चार मिनिटांचा. एवढ्यासाठी मल्टिकास्टला मराठीत ‘पंगत’ म्हणायचा मला मोह होतो. वाढपी एकदाच फिरतो, सगळ्यांच्या पानात एकाच वेळी पडतं. पंगतीचे नियमही लागू होतात: सावकाश जेवणाऱ्यासाठी सगळे थांबतात. फुलवल्यावर ५० जीबी भरणारी ही इमेज एखाद्या मशीनच्या जुन्या हार्ड डिस्कवर उतरायला आठ-दहा मिनिटं लागली, तर एसएसडीवाल्यांनाही तेवढीच लागणार. उशिरा आलेल्याने पुढच्या पंगतीला बसायचं. आणि स्विचला आयजीएमपी स्नूपिंग येत नसेल, म्हणजे पंगतीत कोण बसलंय हे त्याला कळत नसेल, तर तो जेवण सगळ्या वाड्याला वाटत सुटतो. ऑफिसातलं नेट त्या वेळी रांगायला लागतं. साधा स्वस्त स्विच घेऊ नका असं म्हणायचं ते ह्यासाठी. प्रस्तावात अर्थात ‘मल्टिकास्ट’च लिहा, पंगत तोंडी समजावताना वापरा.

सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात. फॉग आणि तैवानमध्ये तयार झालेलं क्लोनझिला, दोन्ही मोफत, दोन्ही लिनक्सवर. एकाच जागी ४० संगणक, दर सत्राला तेच काम, असं असेल तर फॉग. वेब पानावर यादी दिसते, कुणावर कोणती इमेज टाकायची ते बसल्या जागी ठरवता येतं. मायक्रोसॉफ्टचं ह्याच कामाचं डब्ल्यूडीएस (विंडोज डिप्लॉयमेंट सर्व्हिसेस) विंडोज सर्व्हरबरोबर येतं, पण विंडोज ११ च्या मूळ डिस्कवरची बूट फाइल घेऊन त्यातून थेट इन्स्टॉल करायची वाट मायक्रोसॉफ्टने बंद केली आहे, तेव्हा नव्याने त्याच्या मागे लागू नये. शिवाय डब्ल्यूडीएसच्या बोलीत बूट इमेज, इन्स्टॉल इमेज आणि कॅप्चर इमेज अशा तीन-तीन इमेज आहेत. तिथे प्रत्येकीला ‘प्रतिमा’ म्हणून पाहा, म्हणजे मी सुरुवातीला नाही का म्हणालो ते कळेल.

तर प्रस्तावातला परिच्छेद मी असा लिहीन:

“प्रयोगशाळेतील एका संगणकावर सर्व आवश्यक सॉफ्टवेअर बसवून त्या संगणकाची इमेज (मूर्तीचा साचा काढावा त्याप्रमाणे संपूर्ण डिस्कची नोंद) घेण्यात येईल व ती नेटवर्कद्वारे उर्वरित ३९ संगणकांवर उतरवण्यात येईल. यासाठी एक सर्व्हर संगणक (३२ जीबी रॅम, १ टीबी एसएसडी) व आयजीएमपी स्नूपिंगची सोय असलेला ४८ पोर्टचा गिगाबिट स्विच आवश्यक आहे. डीएचसीपी, टीएफटीपी व फाइल पुरवठा या तिन्ही सेवा त्याच एका सर्व्हर संगणकावर चालतील. इमेज घेण्या-उतरवण्याचे सॉफ्टवेअर मोफत उपलब्ध असून त्यासाठी खर्च नाही.”

‘त्याच एका’ खाली रेघ मारा.