जळगाव एमआयडीसीतल्या चटई कारखान्यातून कमी केलं, मालक कागदावर सही देत नाही. बेरोजगारी भत्ता मिळेल का?

मिळू शकतो भाऊ, आणि त्यासाठी मालकाची सही लागत नाही. पगारपत्रकावर ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा) कपात दिसते का, ते आधी बघा. दिसत असेल तर 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना' तुमच्यासाठीच आहे. ती मुदतीची असून वेळोवेळी वाढवली गेली आहे, म्हणून सध्याची मुदत ईएसआयच्या शाखा कार्यालयात विचारून घ्या.

अट अशी: सलग 2 वर्षं विमापात्र (ईएसआय लागू असलेली) नोकरी. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे हप्त्यांचे सहामाही कालखंड असतात. काम सुटण्याच्या लगतच्या कालखंडात किमान 78 दिवसांचा हप्ता भरलेला हवा, शिवाय त्याआधीच्या तीनपैकी एकात तेवढाच. गैरवर्तनाबद्दल काढलं असेल, किंवा बेकायदा ठरवलेला संप वा टाळेबंदी असेल, तर मात्र नाही.

रक्कम सरासरी रोजच्या (म्हणजे एका दिवसाच्या कमाईच्या) निम्मी, जास्तीत जास्त 90 दिवस, तीही आयुष्यात एकदाच. चार कालखंडांची कमाई भागिले 730 (दोन वर्षांचे दिवस) म्हणजे सरासरी रोज. महिना 14,600 सलग मिळाले असतील तर रोज 480, भत्ता 240, एकूण 21,600. मध्ये खाडे असतील तर कमी.

काम सुटून 30 दिवस झाले की ईएसआयच्या संकेतस्थळावर विमा क्रमांकाने अर्ज भरा. आधार आणि बँक पासबुकवरचं नाव एकसारखं आहे ना, ते आजच तपासा. मालकाने नोंदीत तुम्ही 'स्वतःहून सोडलं' असं दाखवलं असेल तर शाखा कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्याच.