नव्या मशीनवर जुनी विंडोज का रुसते?

या वेळी निवडलेले सगळे प्रश्न एकाच जातकुळीचे आहेत. मशीन नवं घेतलं, सिस्टिम मात्र जुनीच हवी. प्रत्येक प्रश्न वाचताना मी मनात एक उलटा प्रश्न विचारत होतो: तुम्हाला नक्की काय हवंय? ती सिस्टिम, तिच्यावर चालणारा एखादा प्रोग्रॅम, की तिला जोडलेलं यंत्र? पुढची बहुतेक उत्तरं त्यावरच ठरली आहेत.

प्रश्न : नव्या कम्प्युटरवर विंडोज एक्सपी टाकायला घेतली. सेटअप सुरू होतो, फायली लोड होतात आणि मग निळ्या पडद्यावर ‘स्टॉप ७बी’ येऊन सगळं थांबतं. रॅम बदलली, सीडी दुसरी आणली. चुकतंय काय?

सीडी आणि रॅम दोन्ही निर्दोष आहेत. ७बी या कोडचा अर्थ एवढाच की जिच्यावरून सुरू व्हायचं ती डिस्कच विंडोजला सापडत नाही. सुरुवातीच्या फायली लोड होतात त्या बायोसच्या, म्हणजे बोर्डावरच्या मूळ प्रोग्रॅमच्या, जिवावर. नंतर विंडोज कारभार स्वतःच्या हातात घेते, आणि तिथून पुढे डिस्कशी बोलायला तिला स्वतःचा ड्रायव्हर, म्हणजे त्या कामाचा छोटा प्रोग्रॅम, लागतो. एक्सपी २००१ साली आली. आजच्या साटा जोडणीच्या डिस्क ज्या एएचसीआय पद्धतीने चालतात ती तेव्हा अस्तित्वातच नव्हती, त्यामुळे तिचा ड्रायव्हर सीडीवर असणार कुठून?

थोड्या जुन्या बोर्डांवर उपाय सोपा असतो. बायोसमध्ये साटाचा मोड एएचसीआयवरून आयडीई या जुन्या पद्धतीवर आणायचा, की एक्सपीला ओळखीचा चेहरा दिसतो. मात्र इन्स्टॉल झाल्यावर ‘आता वेग वाढवू’ म्हणून मोड पुन्हा एएचसीआयवर नेलात, तर तोच निळा पडदा परत येईल. ड्रायव्हर आधी घालायचा, मोड नंतर बदलायचा. दुसरा मार्ग एन-लाइटसारख्या साधनाने ड्रायव्हर सीडीच्या प्रतीतच मिसळून घेण्याचा. तिसरा मार्ग सेटअपच्या सुरुवातीला एफ६ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर देण्याचा. माझी एक अख्खी दुपार या तिसऱ्या मार्गात गेली आहे. सेटअपने यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हवरून ड्रायव्हर मुकाट वाचला, आणि फायली कॉपी करायची वेळ आली तेव्हा तोच ड्राइव्ह त्याला दिसेना. मोजकेच यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह एक्सपीला शेवटपर्यंत ओळखता येतात, हे मला नंतर कळलं.

पण तुमचं मशीन खरोखरच नवं असेल, तर ७बी हा पहिलाच अडथळा आहे. आजकालच्या बोर्डांवर आयडीई मोड नसतोच. डिस्क एनव्हीएमई या नव्या प्रकारची असेल तर तिची ओळख एक्सपीला मुळातच नाही. एक्सपी यूईएफआयवरून, म्हणजे बायोसच्या नव्या वारसावरून, सुरू होत नाही, तिला जुनं बायोस किंवा त्याची नक्कल करणारा सीएसएम हा भाग लागतो. इंटेलने २०१७ सालीच सांगून टाकलं होतं, की २०२० पर्यंत आपण तो आधार काढून घेणार. हे सगळं पार केलंत तरी ‘स्टॉप ए५’ वाट पाहत असतो. बोर्ड स्वतःच्या भागांची आणि वीज-व्यवस्थेची जी माहिती देतो (एसीपीआय) ती एक्सपीला उलगडत नाही, असा त्याचा अर्थ. हौशी मंडळींनी दुरुस्त केलेल्या फायली वापरून त्यातूनही वाट काढता येते, पण मग ग्राफिक्सचं काय? एनव्हिडियाचे एक्सपीसाठीचे ड्रायव्हर २०१६ साली थांबले. त्यानंतरच्या कार्डावर तुम्हाला फुगलेली चिन्हं आणि रखडत सरकणाऱ्या खिडक्या मिळतील. आणि बसवलेल्या ३२ जीबी रॅमपैकी ३२-बिट एक्सपी सव्वातीन जीबीच्या आसपास वापरेल.

केवळ एक्सपी पाहायची, चालवायची असेल तर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला कम्प्युटर, घ्या. तिथेही डिस्क आयडीई कंट्रोलरलाच जोडा, नाहीतर तिथेही ७बी! नेटवर्क कार्ड पीसीनेट प्रकारचं निवडलंत तर त्याचा ड्रायव्हर एक्सपीत आधीच असतो. खऱ्या लोखंडावरच चालवायचा हट्ट असेल, तर २०११-१२ च्या सुमाराचं इंटेलचं मशीन शोधा. एक्सपीचे अधिकृत ड्रायव्हर व्यवस्थित मिळतात अशी ती जवळपास शेवटची पिढी.

प्रश्न : विंडोज सेव्हनचा पेन ड्राइव्ह बनवला. सेटअप उघडतो, पण माउस-कीबोर्ड मेलेले आणि वर ‘सीडी ड्राइव्हचा ड्रायव्हर मिळत नाही’ असा संदेश. माझ्या मशीनला सीडी ड्राइव्हच नाही!

संदेश दिशाभूल करणारा आहे. सेटअपला सीडी ड्राइव्ह नव्हे, तुमचा पेन ड्राइव्हच दिसत नाहीये. कीबोर्ड मेला त्याच कारणाने. विंडोज सेव्हन २००९ ची, तिच्यात यूएसबी ३ चा ड्रायव्हर नाही. पूर्वी बोर्डावर जुन्या यूएसबी २ चा कंट्रोलरही असायचा, म्हणून भागत होतं. इंटेलने २०१५ च्या स्कायलेक पिढीपासून तो काढून टाकला आणि सगळी पोर्टं एक्सएचसीआय या नव्या कंट्रोलरवर गेली. प्लास्टिक काळं असो की निळं, आतून पोर्ट तेच.

उपाय : यूएसबी ३ चे ड्रायव्हर, आणि डिस्क एनव्हीएमई असेल तर तिच्यासाठी मायक्रोसॉफ्टने काढलेली दुरुस्ती, हे दोन्ही विंडोजच्या डिझम या आज्ञेने पेन ड्राइव्हवरच्या बूट डॉट विम आणि इन्स्टॉल डॉट विम या दोन्ही फायलींत घालावं लागतं. बहुतेक जण फक्त दुसरीत घालतात आणि सेटअपमध्येच अडकतात. बूट डॉट विमच्या आतही दोन प्रती असतात, त्यातली दुसरी सेटअपची. ती विसरू नका. बोर्डाला मागे गोल पीएस/टू पोर्ट असेल तर जुना कीबोर्ड लावून निदान चाचपडता येतं.

पुढचा सापळा. ६४-बिट सेव्हन यूईएफआयवर चालते असं तुम्ही वाचलं असेल. ते अर्धं खरं आहे. सुरू होताना पडद्यावर चित्र काढायला ती अजूनही जुन्या बायोसची व्हिडिओ-सेवा मागते. सीएसएम बंद असेल तर ती सेवा मिळत नाही आणि चार रंगांच्या खिडकीपाशी मशीन गोठतं. यूईएफआय-सेव्हन नावाचा छोटा प्रोग्रॅम ती सेवा असल्याचं सोंग आणतो आणि गाडी पुढे सरकते. सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीचीच सिस्टिम सुरू होऊ देणारी तपासणी, अर्थातच बंद हवं. ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचं असेल तर आरटीएक्स ३० मालिकेपर्यंत सेव्हनचे ड्रायव्हर आहेत, पुढे नाहीत.

प्रश्न : विंडोज ९८ च्या काळातले गेम माझ्याकडे जपून ठेवलेले आहेत. एवढ्या ताकदवान मशीनवर ते सुसाट चालायला हवेत, उलट चालतच नाहीत. असं का?

ताकद जास्त झाली म्हणूनच. त्या काळच्या कोडमध्ये ‘मशीन एवढं वेगवान असणारच नाही’ असं गृहीत धरून लिहिलेल्या जागा ठिकठिकाणी आहेत. विंडोज ९५ सुरू होताना एक रिकामं चक्र फिरवून प्रोसेसरचा वेग मोजायची. ३५० मेगाहर्ट्झच्या एएमडी के६-२ प्रोसेसरने ते चक्र इतक्या झटपट संपवलं की मोजलेला वेळ शून्य आला, आणि शून्याने भागाकार होऊन सिस्टिम कोसळली.

माझं आवडतं उदाहरण टर्बो पास्कलचं आहे. त्यात लिहिलेले असंख्य डॉस प्रोग्रॅम साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढच्या मशीनवर उघडताक्षणी ‘रनटाइम एरर २००’ देऊन बंद पडायचे. एरर २०० म्हणजे शून्याने भागाकार. गंमत अशी की इथे शून्याने कुणी भागलेलंच नसतं. पंचावन्न मिलिसेकंदांत चक्र किती वेळा फिरलं ते मोजायचं, त्याला ५५ ने भागायचं आणि उत्तर १६ बिटांच्या डबीत ठेवायचं, असा तो हिशोब. मशीन वेगवान झालं, उत्तर डबीत मावेना, आणि प्रोसेसर या दोन्ही गुन्ह्यांना एकच शिक्षा देतो. २०० मेगाहर्ट्झ आणि एरर २०० हा निव्वळ योगायोग, पण तेव्हा कितीतरी जणांनी त्यांचं नातं जोडलं होतं.

रॅमचंही तसंच. ५१२ एमबीपेक्षा जास्त रॅम असली की विंडोज ९८ गडबडते, कारण तिची फाइल-कॅश, म्हणजे रॅममध्ये हाताशी ठेवलेला फायलींचा साठा, त्या प्रमाणात फुगते आणि पत्ते ठेवायची जागा खाऊन टाकते. सिस्टिम डॉट आयएनआय या फाइलमध्ये कॅशला मर्यादा घालून तेवढा प्रश्न सुटतो. पुढे ग्राफिक्स आणि आवाज उरतात आणि नव्या मशीनवर त्यांना उत्तर नाही. कोअर आठ असोत की सोळा, ९८ एकच वापरते.

म्हणून गेमसाठी ८६बॉक्स घ्या. ते एमुलेटर अख्खं जुनं मशीन, म्हणजे बोर्ड, प्रोसेसर, साउंड ब्लास्टर आणि वूडू ग्राफिक्स कार्डासकट, सॉफ्टवेअरमध्ये उभं करतं. वेगही त्या काळचाच, त्यामुळे गेममधली पात्रं पिसाळल्यासारखी धावत नाहीत. तुमच्या नव्या मशीनची ताकद इथे मात्र कामी येते, फक्त कोअर किती यापेक्षा एका कोअरचा वेग किती हे बघा. साध्या व्हर्च्युअल मशीनमध्ये ९८ चालवायची असेल तर अलीकडच्या प्रोसेसरवर ती कारण नसताना कोसळते. तिच्या मेमरी-व्यवस्थेतली एक जुनी चूक आता उघडी पडली आहे. पॅचर-९एक्स नावाचा पॅच त्यावर इलाज करतो.

प्रश्न : हिशोबाचा जुना डॉस प्रोग्रॅम ६४-बिट विंडोजवर उघडतच नाही. त्यासाठी जुनी विंडोज टाकू का?

नका टाकू. तुम्हाला प्रोग्रॅम हवाय, सिस्टिम नव्हे. ६४-बिट अवस्थेत प्रोसेसरच डॉस प्रोग्रॅमना लागणारा ‘व्हर्च्युअल ८०८६’ मोड बंद करतो, म्हणून ६४-बिट विंडोजमध्ये ती सोय कधी आलीच नाही. ३२-बिट विंडोज १० मध्ये ती होती, विंडोज ११ मात्र ६४-बिटच आहे. डॉसबॉक्स-एक्स वापरा. साधा डॉसबॉक्स मुख्यतः गेमसाठी आहे, छपाईचं काम डॉसबॉक्स-एक्स जास्त नीट सांभाळतं. तुमचा प्रोग्रॅम डॉसचा नसून विंडोज ३.१ च्या काळातला १६-बिट असेल तर ओटी-व्हीडीएम बघा. एकच इशारा : एका वेळी अनेकांनी एकच हिशोबाची फाइल उघडायची पद्धत असेल तर आधी प्रतीवर चाचणी घ्या. एमुलेटरमधलं फाइल-लॉकिंग, म्हणजे एकाने उघडलेली फाइल दुसऱ्यापासून राखणं, भरवशाचं नसतं.

प्रश्न : माझा मॅक एम१ चा आहे. पॉवरपीसीच्या काळातलं एक सॉफ्टवेअर चालवायचंय. जुनी मॅक ओएस टाकता येईल?

नाही. मॅक ज्या आवृत्तीसह विकायला आला तिच्या मागे सहसा जाता येत नाही, आणि एम१ आला २०२० च्या नोव्हेंबरात. पॉवरपीसी या इंटेलआधीच्या प्रोसेसरचे प्रोग्रॅम चालवणारी मूळ रोझेटा ही सोय मॅक ओएसच्या २०११ च्या लायन आवृत्तीतच गेली, ३२-बिट प्रोग्रॅम २०१९ च्या कॅटलिनात गेले. सॉफ्टवेअर मॅक ओएस ९ किंवा त्याआधीचं असेल तर शीपशेव्हर हे एमुलेटर. पुढचं असेल तर यूटीएम या प्रोग्रॅममध्ये जुनी ओएस एमुलेट करा. चालेल, पण गोगलगायीच्या पावलांनी.

प्रश्न : एक्सपी चालू झाली, पण ब्राउझरमध्ये जवळजवळ एकही साइट उघडत नाही.

बरंच आहे म्हणायचं. एक्सपीला साइटशी सुरक्षित बोलायच्या टीएलएस या पद्धतीची १.० आवृत्तीच येते आणि आजच्या साइट किमान १.२ मागतात, म्हणून दरवाजा उघडत नाही. तो उघडायच्या खटपटीत पडू नका. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तेव्हा तीन वर्षांपूर्वी निवृत्त केलेल्या एक्सपीसाठी मायक्रोसॉफ्टला खास दुरुस्ती काढावी लागली होती. दर वेळी तेवढी कृपा होणार नाही. नेटवर्कची वायर काढून ठेवा, फायली पेन ड्राइव्हने न्या-आणा आणि तो ड्राइव्ह नव्या मशीनवर तपासून घ्या.

प्रश्न : मोजमापाचं एक महागडं यंत्र पॅरलल पोर्टने, म्हणजे जुन्या प्रिंटरच्या रुंद जोडणीने, एक्सपीच्या मशीनला जोडलेलं आहे. यंत्र ठणठणीत, कम्प्युटर मात्र म्हातारा झालाय. नव्या मशीनवर कसं न्यावं?

सगळ्या प्रश्नांत खरी अडचण तुमची आहे. इथे व्हर्च्युअल मशीन सहजी उपयोगी पडत नाही, कारण पलीकडे खरीखुरी वायर आहे. यूएसबी-टू-पॅरलल वायर घेऊ नका. ती प्रिंटरपुरतीच असते. अशा यंत्रांची सॉफ्टवेअरं बहुधा ३७८ या ठरलेल्या पत्त्यावर थेट सिग्नल पाठवतात, आणि त्या वायरीच्या टोकाला तसा पत्ताच नसतो. पीसीआय एक्सप्रेसचं पॅरलल कार्ड बरं, पण त्यालाही भलताच पत्ता मिळतो. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये पत्ता बदलता येतो का, हे आधी पाहा. येत असेल तर काम झालं. यंत्र सीरियल पोर्टवर असतं तर मी सरळ व्हर्च्युअल मशीन सुचवलं असतं. सीरियलचं ते निभावून नेतं.

पत्ता बदलत नसेल तर नवं मशीन विसरा आणि म्हाताऱ्याची सेवा करा. बोर्डावरची सीआर २०३२ बॅटरी बदला. ती संपली की बायोसच्या सेटिंग्ज जातात, आयडीई मोडही जातो आणि पुन्हा ७बी दिसतो. फुगलेले कपॅसिटर आहेत का बघा. त्याच मॉडेलचा दुसरा बोर्ड मिळाला तर घेऊन ठेवा. सगळ्यात आधी मरेल ती हार्ड डिस्क, म्हणून आजच तिची पूर्ण प्रतिमा काढा आणि ती एसएसडीवर उतरवा. बोर्ड फक्त आयडीईचा असेल तर मधे अडॅप्टर लागेल. एक्सपी पहिलं पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू करते, एसएसडीला ते गैरसोयीचं, म्हणून उतरवताना ते २०४८ वर सरकवून घ्या.

मग मूळ डिस्क काढून बाजूला ठेवा, नवी लावा आणि यंत्रावर एक खरं मोजमाप घ्या. जुन्या आकड्याशी जुळलं, तरच मूळ डिस्क कपाटात जाऊ द्या.