वाचकांचे प्रश्न : रंग उडालेली रिळे

घरोघरी पेट्यांत पडून असलेल्या जुन्या फिल्म रिळांविषयी या सदरात लिहिल्यानंतर जी पत्रे आली, त्यांपैकी बहुतेकांनी एकच तक्रार मांडली आहे, ती म्हणजे रंग गेल्याची. म्हणून या वेळी इतर विषय बाजूला ठेवून तेवढीच पत्रे घेतली आहेत.

प्रश्न : माझे काका १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून दहा-बारा वर्षे इंग्लंडमध्ये नोकरीला होते. परत येताना त्यांनी सुपर ८चा, म्हणजे घरगुती चित्रीकरणाच्या आठ मिलिमीटर रुंद फिल्मचा, प्रोजेक्टर आणि वीसेक रिळे आणली. त्यांतली निम्मी त्यांनी स्वतः कॅमेऱ्याने घेतलेली आहेत, तर बाकीची विकत घेतलेली, म्हणजे कार्टून आणि मोठ्या चित्रपटांच्या कापून छोट्या केलेल्या आवृत्त्या. सगळी रिळे एकाच कपाटात, एकाच लाकडी पेटीत होती. परवा लावून पाहिली तर काकांनी घेतलेल्या रिळांत गवत हिरवेगार आणि काकूंची साडी निळी दिसते. विकतची मात्र सगळीच्या सगळी विटकरी-गुलाबी झाली आहेत. हौशी माणसाचे काम टिकले आणि कंपन्यांचे का टिकले नाही?
— एक वाचक, पुणे

उत्तर : याचे श्रेय काकांना किंवा कॅमेऱ्याला नाही, तर त्यांनी वापरलेल्या फिल्मला द्यावे लागेल, आणि आपण वर्णन केलेल्या रंगांवरून ती कोडॅक कंपनीची कोडॅक्रोम असावी असे वाटते. नेहमीच्या रंगीत फिल्ममध्ये रंग तयार करणारी रसायने कारखान्यातच थरांत मिसळलेली असतात आणि धुलाईच्या वेळी त्यांच्यापासून निळसर-हिरवा (सायन), किरमिजी (मॅजेन्टा) व पिवळा असे तीन रंग तयार होतात. १९३५ साली १६ मिलिमीटरमध्ये आणि पुढच्याच वर्षी ८ मिलिमीटरमध्ये आलेल्या कोडॅक्रोमची तऱ्हा वेगळी होती. तिच्यात मुळात रंग देणारे काहीच नसे. ती तीन थरांची कृष्णधवल फिल्मच म्हणावी लागेल, आणि रंग प्रयोगशाळेत एकेक करून बाहेरून दिले जात. ही धुलाई इतकी किचकट होती की घरी किंवा कोपऱ्यावरच्या स्टुडिओत ती करण्याची सोयच नव्हती, पण तिच्यातून निघणारे रंग अंधारात फार सावकाश उडतात, आणि थरांत न वापरलेली रसायने उरत नसल्यामुळे पांढरा भाग पिवळटही पडत नाही.

विकतच्या रिळांचे गणित निराळे होते. ती छापली जात ती बहुधा कोडॅकच्याच ईस्टमनकलर किंवा तिच्यासारख्या प्रिंट फिल्मवर. ही पद्धत १९५०पासून रूढ होत गेली. ती स्वस्त आणि जलद होती, आणि चित्रपटगृहात काही महिने फिरून बाद होणाऱ्या प्रिंटसाठी पुरेशी होती. चाळीस वर्षांनी कोणी पेटी उघडून पाहील, असा विचार तेव्हा कोणी केलेला दिसत नाही. या फिल्ममध्ये सर्वांत आधी सायन जातो, त्याच्या मागोमाग पिवळा फिका होतो आणि किरमिजी तग धरून राहतो. सायनचे काम लाल प्रकाश अडवण्याचे असल्यामुळे तो गेला की पडद्यावर लाल मोकळा सुटतो आणि आकाश, झाडे, चेहरे सगळे एकाच गुलाबी पाण्यातून काढल्यासारखे दिसू लागतात. कृष्णधवल चित्रपटाची प्रिंट रंगीत फिल्मवर काढलेली असेल तर तीही गुलाबी होते, हे पाहून पुष्कळ संग्राहक चक्रावतात.

‘आम्ही तर ती कधी पेटीबाहेर काढलीच नाहीत’ असे बरेच जण लिहितात. पण ईस्टमनकलरचे रंग उडायला उजेडाची गरज नसते. तिचे रंग अंधारात, डब्यात बसल्या जागी विरघळतात. त्याला वेग देतात ती उष्णता आणि दमट हवा. कोडॅक्रोमचे नेमके उलटे आहे: अंधारात भक्कम, प्रोजेक्टरच्या दिव्यापुढे दुबळी. तेव्हा पाहुण्यांना पुन्हा पुन्हा दाखवायचीच असतील तर ती गुलाबी कार्टून दाखवावीत आणि काकांची रिळे एकदा नीट स्कॅन करून मिटून ठेवावीत. आपण नेमके याच्या विरुद्ध करत असाल, असा मला दाट संशय आहे, कारण सगळेच तसे करतात.

कंपन्यांना या दोषाची जाणीव करून द्यायला चित्रपट दिग्दर्शकांना आवाज उठवावा लागला. १९८०मध्ये मार्टिन स्कॉर्सेसी यांनी सहकाऱ्यांच्या सह्या गोळा करून कोडॅककडे मागणी केली, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत एलपीपी नावाची कमी उडणारी प्रिंट फिल्म बाजारात आली. पण तोवर घरोघरी व्हिडिओ कॅसेट शिरली होती आणि सुपर ८च्या विकाऊ रिळांचा धंदा ओसरत चालला होता. इंग्लंडमधील डडली येथील डेरन ही कंपनी त्यानंतरही बरीच वर्षे सुपर ८ प्रिंट काढत राहिली. तिच्या उत्तरकाळातील प्रिंट आजही चांगल्या रंगांत सापडतात. काकांच्या खरेदीची वर्षे पाहता ते भाग्य त्यांच्या वाट्याला आले नसणार.

प्रश्न : रसायनात बुडवून उडालेले रंग परत आणता येतात असे एका ओळखीच्या गृहस्थांनी सांगितले. प्रति रीळ बरेच पैसे लागतील. करून घ्यावे का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : नाही. जो रंग विघटित झाला तो थरात शिल्लकच नाही, मग तो कोणत्याही रसायनाने बाहेर कोठून येणार? प्रोजेक्टरच्या भिंगापुढे हिरवट-निळी काच लावून पाहण्याची संग्राहकांची एक जुनी युक्ती आहे. तिने गुलाबीपणा डोळ्याला कमी खुपतो, पण चित्र अंधारते आणि नसलेला रंग काही दिसू लागत नाही. खरा उपाय संगणकावरचा आहे. चांगल्या स्कॅनरवर लाल, हिरवा व निळा हे तिन्ही घटक वेगवेगळे नोंदवले जातात आणि उडालेल्या थरात जी थोडीशी छटा उरली असेल ती ताणून समतोल साधला जातो. छटा उरलेली असेल तर परिणाम थक्क करणारा असतो. पूर्ण गेली असेल तर संगणकावर रंग सुधारणारा अंदाजाने भरेल तेवढेच. म्हणून तेच पैसे स्कॅनवर खर्च करावेत आणि पडद्यावरचे चित्र मोबाइलने टिपून देणाऱ्यांकडे जाऊ नये.

प्रश्न : लहानपणी गणेशोत्सवात चौकात १६ मिलिमीटरवर सिनेमे दाखवत. त्या आठवणीने मी आता मुंबईच्या चोरबाजारातून आणि जुन्या सामानवाल्यांकडून रिळे गोळा करतो. विकत घेताना रंग चांगला आहे हे प्रोजेक्टर नसताना कसे ओळखावे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : रिळाची पहिली हातभर पट्टी पाहून निर्णय घेऊ नये, सुरुवातीची कोरी पट्टी पुष्कळदा नंतर जोडलेली असते. रीळ थोडे आत उलगडून पांढऱ्या कागदावर किंवा आकाशाकडे धरून पाहावे आणि दृश्यातला काळा भाग शोधावा. काळा खरोखर काळा असेल तर रंग जिवंत आहेत. तो तपकिरी किंवा लालसर-जांभळा दिसला की बाकीचे पाहण्याची गरज नाही. फिल्मच्या कडेला बारीक अक्षरांत छापलेले नाव वाचावे. तेथे एलपीपी अशी अक्षरे असली तर ती आनंदाची गोष्ट समजावी. छिद्रांभोवतीची कड पूर्ण काळी असेल, तर ती बहुधा कोणाच्या तरी कॅमेऱ्यातली मूळ फिल्म असते आणि तिची दुसरी प्रत जगात कोठेही नसण्याचीच शक्यता अधिक. अशी रिळे मला चित्रपटांच्या प्रिंटपेक्षा कितीतरी मोलाची वाटतात. चित्रपटाची प्रत पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात असू शकेल. कोणाच्या वाड्यातली मुंज तेथे मिळणार नाही.

खऱ्या चांदीच्या प्रतिमेची कृष्णधवल प्रिंट रंग उडण्याच्या या रोगातून सुटलेली असते, एवढे ध्यानात ठेवावे. दुसरी कसोटी नाकाची. डबा उघडताच शिरक्याचा, म्हणजे व्हिनेगरचा वास आला तर ॲसिटेटचा पायाच, म्हणजे चित्राचा थर ज्यावर बसवलेला असतो ती पारदर्शक पट्टीच, कुजू लागली आहे. त्यातून निघणारे आम्ल ती कूज आणखी वाढवते, पट्टी आक्रसते आणि शेवटी प्रोजेक्टरच्या दातांवर बसेनाशी होते. असे रीळ घ्यायचेच असेल तर इतरांपासून वेगळे ठेवावे. आणि एक सूचना: गुलाबी प्रिंटला रंगीत प्रिंटची किंमत देऊ नये, विक्रेता ‘जुना माल आहे’ असे कितीही सांगो.

प्रश्न : आम्ही रत्नागिरीजवळ राहतो. वडिलांची आठ मिलिमीटरची रिळे लोखंडी डब्यांत आहेत. पावसाळ्यात त्यांवर जाळ्यासारखी पांढरट बुरशी आली. पुसून घ्यावी का? फ्रिजमध्ये ठेवली तर चालेल का?
— एक वाचिका, रत्नागिरी

उत्तर : पाण्याने अजिबात पुसू नये. फिल्मवरचा थर जिलेटिनचा असतो. बुरशीने खाल्लेले जिलेटिन पाण्यात विरघळते आणि चित्रासकट निघून येते. आधी रिळे कोरड्या, वाऱ्याच्या खोलीत ठेवून बुरशी वाळू द्यावी, मगच मऊ कापडाने अगदी हलकेच काढावी. गंजलेले डबे टाकून प्लॅस्टिकचे साधे डबे घ्यावेत. डांबरगोळ्या ठेवण्याची घरोघरची सवय येथे उपयोगाची नाही. त्यांनी कीड दूर राहते, बुरशी नव्हे.

थंडीचा फायदा मोठा आहे: तापमान सुमारे पाच-सहा अंशांनी उतरले की रंग उडण्याचा वेग साधारण निम्म्यावर येतो. पण फ्रिजमध्ये ठेवताना रीळ आधी कोरड्या हवेत काही दिवस राहिलेले असावे, त्यातली सगळी ओल गेलेली असावी आणि ते घट्ट बंद होणाऱ्या दोन पिशव्यांत, एकीत एक, घातलेले असावे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये. रात्रभर तशीच खोलीत राहू द्यावी, नाहीतर थंड फिल्मवर दव धरेल आणि कोकणातल्या हवेत नव्याने बुरशीला आमंत्रण मिळेल. हे सर्व निगुतीने होणार नसेल तर फ्रिजचा नाद सोडून घरातली सर्वांत कोरडी आतली खोली निवडावी, बाहेरच्या भिंतीला लागून असलेले कपाट टाळावे आणि सिलिका जेलच्या पुड्या पावसाळ्यात दर पंधरवड्याला बदलाव्यात.