नव्या उबुंटूवर बिल्ड केलेला प्रोग्रॅम जुन्यावर चालत नाही

प्रश्न : उबुंटू २२.०४ वर सी++ मध्ये केलेला प्रोग्रॅम लॅबमधल्या २०.०४ वर सुरूच होत नाही. जीलिबसी (glibc, म्हणजे लिनक्सवरची सी भाषेची मूळ लायब्ररी) २.३४ सापडत नसल्याचा एरर येतो. तिची नवी फाइल (लिबसी) तिथे कॉपी करू का? आणि लिनक्ससाठी एलएसबी (लिनक्स स्टँडर्ड बेस) हे सामाईक स्टँडर्ड असताना ही वेळ का यावी?

उत्तर : फाइल कॉपी मुळीच करू नका. सिस्टीममधले जवळपास सगळे प्रोग्रॅम तिच्यावरच चालतात आणि ती लोडरशी (प्रोग्रॅम सुरू करताना लायब्ऱ्या जोडून देणाऱ्या भागाशी) तंतोतंत जुळावी लागते. ती बदललीत तर एलएस, सुडो यांसारख्या साध्या कमांडसुद्धा बंद पडतील. मग लाइव्ह यूएसबीवरून बूट करून निस्तरत बसावं लागेल.

जीलिबसी आपल्या प्रत्येक फंक्शनवर आवृत्तीचा शिक्का ठेवते. त्यामुळे जुना बिल्ड नव्या सिस्टीमवर चालतो, उलट मात्र हमी नसते. २२.०४ मध्ये जीलिबसी २.३५ आहे, २०.०४ मध्ये २.३१. तुम्ही नवं काही वापरलं नसेल, तरीही अडतं. २.३४ मध्ये थ्रेडची लायब्ररी मुख्य लिबसीत विलीन झाली आणि मेन फंक्शनला हाक मारणाऱ्या सुरुवातीच्या फंक्शनलाही नवा शिक्का मिळाला. म्हणून नव्या मशीनवर बिल्ड केलेला साधा 'हॅलो वर्ल्ड'ही जुन्यावर अडकतो.

खात्रीचा उपाय : ज्या सिस्टीमवर प्रोग्रॅम चालवायचा आहे, त्यांतल्या सगळ्यात जुनीवर बिल्ड करा. डॉकरमध्ये (वेगळी सिस्टीम कंटेनरमध्ये चालवणारं साधन) उबुंटू २०.०४ ची इमेज घ्या, बिल्ड-एसेन्शियल हे कंपायलरचं पॅकेज टाका, जुन्या ऑब्जेक्ट फाइल्स 'मेक क्लीन'ने काढा (हे हमखास राहून जातं) आणि पुन्हा कंपाइल करा. मग तयार झालेल्या प्रोग्रॅमच्या फाइलवर 'objdump -T' (टी कॅपिटल) चालवा; प्रोग्रॅमला लागणाऱ्या फंक्शन्सचे शिक्के त्यात दिसतात. जीलिबसीचा सर्वांत मोठा आकडा २.३१ च्या वर जाता कामा नये.

एलएसबीची पहिली आवृत्ती २००१ ची, ५.० ही २०१५ ची. त्याच वर्षी उबुंटूचा पाया असलेल्या डेबियनने त्याचा बहुतेक सपोर्ट काढून टाकला. शिवाय त्यात पॅकेजसाठी आरपीएम हा फॉरमॅट ठरवलेला, तर डेबियन-उबुंटूचं सारं डेब या दुसऱ्या फॉरमॅटवर. आज त्याच्या भरवशावर सॉफ्टवेअर देऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रोग्रॅम ओपनएसएसएल ही एन्क्रिप्शनची लायब्ररी वापरत असेल तर आणखी एक अडचण : २०.०४ मध्ये १.१ आहे, २२.०४ मध्ये फक्त ३. दोन्हीकडे चालवायचा असेल तर ती लायब्ररी स्टॅटिक लिंक करा, म्हणजे प्रोग्रॅमच्या फाइलमध्येच सामावून घ्या. मात्र तिच्यात सुरक्षेची दुरुस्ती आली की तुम्हालाच नवा बिल्ड द्यावा लागेल.